माझ्या पोटातलं पाकीट

या मित्रांनो, बाकावर जागा असेल तिथं टेका. माझ्यावर मात्र चढू नका, माझी पाठ आता पूर्वीसारखी धरत नाही. मी सलूनमधली खुर्ची आहे, जुनी. ती जाडजूड लोखंडी, जिच्यावर बसून तुम्ही मान खाली घालता आणि मागून गार फवारा आला की अंग चोरता, तीच. वय विचारू नका. ज्यांचे पहिले केस माझ्यावर कापले, त्यांना आता कापायला केस उरलेले नाहीत, यावरून काय ते समजा.

मला सगळं जमतं. गोल फिरते, वर होते, खाली बसते, मागे झोपते. फक्त जाता येत नाही. माझ्या बुडाला चार बोल्ट आहेत आणि ते फरशीत गाडलेत. समोर आरसा. आरशात दार दिसतं, दारातून रस्ता दिसतो, रस्त्यानं माणसं जाताना दिसतात, तीही उलटी. मी जन्मभर बाहेरचं जग असं उलटंच बघत आलेय. तक्रार नाही करत, खुर्चीचा जन्मच तो. पण एकदा सात महिने असे आले की त्या चार बोल्टांचा मला जीव जाईस्तोवर राग आला. तेच सांगायला तुम्हाला बसवलंय.

आधी थोडं माझं कौतुक ऐकून घ्या, नाहीतर नंतर राहून जातं.

भट्टीत लोखंड लाल झालं, साच्यात ओतलं, त्यातून माझा पाय निघाला. एकच पाय, पण हत्तीचा. माझ्या पोटात दातेरी चाकं बसवली, बाजूला खटका लावला. तो ओढला की पाठ मागे जाणार, सोडला की आहे तिथं थांबणार. एका बाईनं माझी गादी शिवली, ओठात सुया धरून, कुणाशी तरी भांडत भांडत. सुया तोंडात असताना इतकं भांडता येतं, हे मी तिथंच पाहिलं. मग मला पांढरा चकचकीत रंग दिला आणि मी एका मोठ्या दुकानात गेले. तिथं आम्ही सहाजणी ओळीनं होतो. रुबाब होता बघा! लोक हात फिरवून बघायचे, "काय दणकट काम आहे," म्हणायचे.

मग त्या दुकानानं नव्या खुर्च्या आणल्या, आणि आम्ही सहाजणी एका दिवसात भंगार झालो. मला घ्यायला एक पोरगेलासा माणूस आला. ढकलगाडीवर मला आडवी घातली आणि आपल्या नव्या दुकानात आणली. एकच खोली, एकच आरसा, एक लांब बाक, आणि मी. त्याची बायको ओल्या फडक्यानं माझी गादी पुसत म्हणाली, "अहो, ही तर आपल्या पलंगापेक्षा भारी आहे."

"मग इथंच झोपत जा," तो म्हणाला.

"झोपेन की. निदान घोरणं तरी ऐकू येणार नाही."

तो माझा मालक. पुढची सगळी वर्षं मी त्याच्याकडेच काढली. माणूस दिलदार, बोलका, हात सोन्याचा. कात्रीबरोबर जीभही चालायची. दुकान जमायला लागलं तेव्हा बायकोचा धाकटा भाऊ शिकायला आला. त्याला सगळे गप्प्या म्हणायचे, कारण तो दिवसाला पाच शब्द बोलायचा आणि त्यातले तीन "मान खाली घ्या" हेच असायचे. पण काम असं की गिऱ्हाइकानं डोळे मिटून बसावं. दहा वर्षं तो इथं उभा राहिला. मालक त्याला घरातल्यासारखा वागवायचा आणि तो मालकाला "दाजी, दाजी" करायचा. त्याचा अर्धा पगार ताईच्या, म्हणजे मालकाच्या बायकोच्या, कपाटात साठत होता. त्याला स्वतःचं दुकान टाकायचं होतं. छोटंसं, एका खुर्चीचं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या मित्रांनो, पुढचं सगळं तिच्यावर अडलंय. दाढीसाठी माझी पाठ मागे टाकली की गादी आणि पाठ यांच्यामध्ये एक फट पडते. माणूस आडवा होतो, मागचा खिसा वर येतो, आणि त्यातलं जे काही असेल ते सरळ त्या फटीत घसरतं. मी नाणी गिळलीत, किल्ल्या गिळल्यात, एका आजोबांची कवळीसुद्धा गिळलीय. ती खिशात कशाला ठेवली होती ते देव जाणे. म्हणून मालकानं एक शिस्त घातली होती. खटका ओढायच्या आधी तो मोठ्यानं ओरडायचा, "खिसा!" की गिऱ्हाईक मागच्या खिशातलं काढून हातात धरायचं. एवढं करूनही तो रोज दुकान आवरताना फटीत हात घालून बघायचा. सापडेल ते आरशाखालच्या ताटलीत ठेवायचा आणि ज्याचं त्याला द्यायचा. एक नाणंसुद्धा त्यानं कधी गल्ल्यात टाकलं नाही. "खुर्चीनं गिळलेलं खुर्चीचं नाही आणि माझंही नाही," असं म्हणायचा. म्हणजे माणूस चोर नव्हता. हे मी मुद्दाम आधी सांगतेय.

तो शनिवार होता. बाकावर पाच जण बसलेले. त्यातले एक रिटायर झालेले कारकून, त्यांना सगळे रेडिओ म्हणायचे. एकदा लागले की बंद करायचं बटण नाही. माझ्यावर गल्लीतला प्लंबर बसला होता. एका मोठ्या इमारतीचं काम त्याला मिळालं होतं, पाण्याची मोटर आणायला त्या लोकांनी पैसे दिले होते. चांगल्या दोन महिन्यांच्या पगाराएवढे. तपकिरी कागदी पाकिटात घालून ते त्यानं जाकिटात ठेवले होते. मग रस्त्यात त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं ते पाकीट पँटच्या मागच्या खिशात सरकवलं. सरकवलं आणि विसरला. डोक्यात जाकीटच राहिलं.

गप्प्यानं त्याचं जाकीट घेतलं, झटकलं, खुंटीला लावलं. केस कापले. मग सगळ्यांसाठी चहा आणायला बाहेर गेला. दाढीला मालक उभा राहिला. मालक तेव्हा एक किस्सा सांगत होता, शेजारच्या शिंप्यानं मिशांना कलप लावला आणि रात्रीतून तो उशीला कसा उतरला त्याचा. बाक खो खो हसत होतं. आणि हसता हसता मालकानं माझा खटका ओढला.

"खिसा" म्हणालाच नाही.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझी पाठ मागे गेली, फट उघडली, आणि पाकीट सुर्रकन आत आलं. नेहमीच्या जागी थांबलं असतं तरी चाललं असतं. पण गादीखालचं कापड तिथं फाटलेलं होतं. पाकीट त्या भोकातून खाली उतरलं आणि थेट माझ्या पोटात, दातेरी चाकांच्या शेजारी जाऊन अडकलं. मला ते लागलं. खड्यासारखं लागलं. मी करकरले.

"हिला तेल पाहिजे," मालक म्हणाला आणि किस्सा पुढे चालू झाला.

अर्ध्या तासानं प्लंबर धावत परत आला. तोंड पांढरंफटक.

"पाकीट! माझं पाकीट इथं राहिलं."

"कुठं ठेवलं होतंस?" मालकानं विचारलं.

"जाकिटात. आतल्या खिशात. इथं येताना होतं, वाटेत मी हात लावून बघितलं होतं."

मालकानं आधी माझ्या फटीत हात घातला. कोपरापर्यंत घातला. पेनाचं एक टोपण निघालं. बाकाखाली बघितलं, टॉवेल झटकले, केसांचा ढीग पायानं पसरला. नाही.

"जाकिटाला हात कुणी लावला?" प्लंबर म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, घाबरला होता. लोकांचे पैसे होते.

सगळ्यांच्या नजरा फिरल्या. गप्प्या कपबश्या विसळत होता.

रेडिओ म्हणाले, "मी आपलं नुसतं म्हणतो हं, कुणावर आरोप नाही. पण मघाशी चहाला जाऊन यायला जरा वेळच लागला याला."

"टपरीवर गर्दी होती," गप्प्या म्हणाला. झाले, त्याचे तीन शब्द संपले.

मित्रांनो, मी तिथंच होते. पाकीट माझ्या पोटात होतं. मालकाचा हात माझ्या पाठीवर होता. एक वीतभर अंतर! पण मला तोंड कुठंय? मी नुसती उभी, चार बोल्टांवर.

मालकाला दुकानाच्या नावाची भीती वाटली. इथं चोरी झाली असं पसरलं तर उद्या कोण जाकीट काढून ठेवील? तो म्हणाला, "खिसे दाखव रे."

"दाजी?"

"दाखव म्हणतो ना. म्हणजे विषय संपेल."

गप्प्यानं पाचजणांसमोर आपले खिसे उलटे केले. एक फणी, एक रुमाल, चहाची उरलेली नाणी. खिशांची पांढरी अस्तरं बाहेर लोंबत राहिली, ती त्यानं परत आत घातलीच नाहीत. "मी नाही घेतलं," एवढंच बोलला. दुसरा कुणी असता तर ओरडला असता, रडला असता, आईची शपथ घातली असती. हा गप्प बसला, आणि लोकांना तेच कबुलीसारखं वाटलं.

त्या संध्याकाळी ताईच्या कपाटातले गप्प्याचे पैसे बाहेर आले आणि प्लंबरला दिले गेले. मालक म्हणाला, "नातं आहे म्हणून पोलिसात नाही देत. उद्यापासून येऊ नकोस."

गप्प्यानं आपली कात्री कापडात गुंडाळली आणि गेला. आरशात मला तो उलटा जाताना दिसला.

पुढचे सात महिने कसे काढले ते माझं मला माहीत. कात्री चालवणारा गप्प्या एका धान्याच्या गोदामात पोती उचलायला लागला. कारण रेडिओंनी ती बातमी जिथं जिथं सलून होतं तिथं तिथं पोचवली होती, कुणी त्याला उभं करेना. ताई दुकानात यायची, टॉवेल घेऊन जायची, धुऊन आणायची, पण मालकाशी बोलणं तेवढ्यापुरतंच. "टॉवेल ठेवलेत." "साबण संपलाय." पूर्वी तिचं बोलणं ऐकायला गिऱ्हाइकं मुद्दाम दाढी लांबवायची. आता दुकानात कात्रीचाच आवाज. मालकाचे किस्सेही आटले.

आणि मी? रोज दहा वेळा माझी पाठ मागे जायची, रोज दहा वेळा चाकांचे दात त्या पाकिटात रुतायचे. मी जीव तोडून ओरडायचे. मला वाटायचं, आता तरी कुणी वाकून बघेल. मालक काय करायचा माहितीय? तेल घालायचा. मी ओरडले की तेल, पुन्हा ओरडले की पुन्हा तेल. इतकं तेल पाजलं मला, की शेवटी माझा आवाजच बंद झाला. खरं सांगणाऱ्याला लोक कधीकधी असंच गप्प करतात मित्रांनो, लाडानं.

आवाज गेला, तेव्हा माझ्याकडे एकच उपाय उरला. मी अडून बसले.

एका सोमवारी मालकानं पाठ मागे टाकली ती मी पुढे आणलीच नाही. माझ्यावर पडलेला पोस्टमन छताकडे बघत म्हणाला, "मी आता असाच घरी जाऊ का?" दोघांनी मिळून त्याला उठवलं. मंगळवारी दुकानाला सुट्टी असायची. त्या दिवशी सकाळी मालक पाना घेऊन एकटाच आला, फरशीवर उताणा झोपला आणि त्यानं माझ्या पोटाचा पत्रा उघडला.

पाकीट त्याच्या छातीवर पडलं.

तेलानं काळं झालेलं, दातांच्या खुणा उमटलेल्या. वर प्लंबरच्या अक्षरात लिहिलेलं, 'मोटर, वॉशर, पाइप'. मालकानं आत बघितलं. मग तो तसाच पडून राहिला. मला त्याचा चेहरा वरून पहिल्यांदाच दिसत होता. मला वाटलं, आता हा उठेल, चपला न घालता गोदामाकडे धावत सुटेल.

तो उठला. दाराची कडी लागलीय का बघितली. आणि पाकीट टॉवेलांच्या खणात, अगदी तळाशी सरकवून दिलं.

रागावू नका त्याच्यावर. म्हणजे रागवा, पण ऐकून रागवा. त्याला पैशांचा मोह नव्हता. थोडा असेल, मला दुरुस्तीची गरज होती आणि भिंतीला ओल आली होती. पण खरी अडचण वेगळी होती. पाकीट बाहेर काढायचं म्हणजे सांगावं लागणार की सापडलं कुठं. सापडलं कुठं सांगायचं म्हणजे कबूल करावं लागणार की त्या दिवशी आपणच "खिसा" म्हणायला विसरलो. आणि ज्याला पाचजणांसमोर उघडं पाडलं तो निर्दोष होता. प्लंबरला त्याचे पैसे मिळाले होते, विचारणारं कुणी नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. किती सोपं!

तीन दिवस तो गप्प बसला. तीन दिवसांत त्यानं दोन गिऱ्हाइकांना कापलं.

शुक्रवारी ताई टॉवेल न्यायला आली. दुकानात दोघंच होते. तिनं टॉवेल उचलले, आणि खालच्या टॉवेलाला तेलाचा मोठा डाग.

"अहो, हे काय? आत्ताच तर धुऊन ठेवलेले." तिनं खणात हात घातला आणि पाकीट बाहेर आलं. वरचं अक्षर तिनं वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या उघड्या पत्र्याकडे.

"कधी सापडलं?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे."

"सांगणारच होतो."

"कुणाला? टॉवेलांना?"

मालक वस्तरा पुसत राहिला. कोरडाच होता तो. "ऐक ना, मी त्याला देतो ना पैसे. सगळे देतो. वर चार नोटा जास्त घालतो. त्याचं दुकान होईल. पण आता सगळ्यांना कशाला सांगत बसायचं? लोक विसरलेत."

"लोक विसरलेत?" ताईचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "परवा बाजारात रेडिओंनी माझ्या भावाला बघून आपली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मी मागेच होते. तो काही बोलला नाही. तुम्हाला माहितीय तो बोलत नाही. दहा वर्षं तुमच्या शेजारी उभा होता, तुम्हाला माहीत होतं."

"माझं चुकलं गं."

"मला सांगून काय उपयोग? तुमचं पाकीट सापडलं, चांगलं झालं. माझा भाऊ सापडला का?"

टॉवेल न घेताच ती गेली.

पुढच्या मंगळवारी, दुकान बंद असताना, मालकानं गप्प्याला निरोप धाडून बोलावलं. गोदामातून तो जेवणाच्या सुट्टीत आला. खांदे रुंद झाले होते, हात खरखरीत. आत आल्या आल्या त्यानं नकळत आरशाखालची फणी सरळ केली. मालकानं त्याला सगळं सांगितलं, नव्या कोऱ्या नोटांचं पाकीट पुढे केलं आणि त्याचे हात धरले.

"माफ कर मला. पाया पडतो तुझ्या."

"नका, दाजी."

"हे घे. तुझे आहेत. वर थोडे जास्त घातलेत."

गप्प्यानं दुकानभर नजर फिरवली. बंद दार, रिकामं बाक.

"आता इथं कोण आहे?" त्यानं विचारलं.

"मी आहे, तू आहेस. का?"

"त्या दिवशी बाकावर पाचजण होते." त्यानं पाकीट माझ्या गादीवर ठेवलं, अलगद, आणि दाराकडे वळला. "माझं गेलंय ते या पाकिटात नाही बसत, दाजी."

इतकं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

तो गेल्यावर मालक बाकावर बसून राहिला, समोर मी, माझ्यावर पाकीट. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. तुम्हाला वाटत असेल, बोल्ट मलाच होते. मला त्या दिवशी त्याच्या पायांतही दिसले.

रविवार आला. रविवारी बाक गच्च भरायचं, दोघं-तिघं दारात उभे. प्लंबर होता, दूधवाला होता, पोस्टमन होता. माझ्यावर रेडिओ, अर्ध्या गालाची दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस. तोंड अर्थातच चालू. कुणाच्या तरी मुलाचं लग्न कसं मोडलं ते सांगत होते.

मालकाचा हात थांबला. वस्तरा त्यानं ताटलीत ठेवला.

"जरा ऐका सगळे."

"अहो, गाल वाळतोय माझा," रेडिओ म्हणाले.

"वाळू दे. या प्लंबरचं पाकीट सापडलंय."

बाकावरच्या सगळ्या माना वर झाल्या.

"खुर्चीच्या पोटात होतं. सात महिने तिथंच होतं. मी त्या दिवशी 'खिसा' म्हणालो नाही. गप्पा हाणत होतो. चूक माझी, आणि खिसे उलटे करायला लावले मी त्या पोराला. तुमच्यासमोर. त्याच्या साठवलेल्या पैशातून याला भरून दिले." त्यानं प्लंबरकडे बघितलं. "आणि अजून एक. पाकीट सापडलं त्यालाही बारा दिवस झाले. मी लपवून ठेवलं होतं."

ते शेवटचं त्याला सांगायची गरज नव्हती. ते कुणाला कधी कळलं नसतं. ते त्यानं सांगितलं, आणि मला वाटतं, तिथं त्याचा पहिला बोल्ट निघाला.

प्लंबर उभा राहिला. "अरे देवा. मी तर त्याला रस्त्यात ओळख देत नाही."

रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा गप्प होते. मग हळूच म्हणाले, "मी... बऱ्याच जणांना सांगितलंय."

"म्हणून तर तुम्ही चला माझ्याबरोबर," मालक म्हणाला. "गोदाम आज चालू असतं. इथं तो नाही, मग इथं सांगून काय करू? त्याच्यासमोर सांगतो. सगळे चला."

"असा? अर्ध्या दाढीनं?"

"असाच."

आणि गेले की सगळे! मालक पुढे, पाकीट हातात. मागे प्लंबर, दूधवाला, पोस्टमन, आणि गळ्यात पांढरं कापड, एका गालावर फेस असे रेडिओ. मला आरशात ती वरात दाराबाहेर पडताना दिसली. मग रस्ता. मग काहीच नाही.

मित्रांनो, ज्यासाठी मी सात महिने ओरडले ते तिकडे घडत होतं, आणि मी इकडे चार बोल्टांवर. दुकान उघडं, दार सताड, वाटीतला साबण वाळून त्याच्यावर साय धरलेली. वाट बघणं काय असतं ते खुर्चीला विचारा. लोक माझ्याशेजारी बसून वाट बघतात, मी जन्मभर बघते. पण इतकी कधी नव्हती बघितली.

तिथं काय झालं ते मी नंतर ऐकलं, रेडिओंच्याच तोंडून, निदान पन्नास वेळा. गप्प्याच्या पाठीवर पोतं होतं. मालकानं गोदामातल्या सगळ्या हमालांसमोर, मुकादमासमोर, पहिल्यापासून सगळं सांगितलं. गप्प्या पोतं न उतरवता ऐकत होता. "उतरव की आधी ते," मुकादम म्हणाला. तेव्हा त्यानं उतरवलं आणि पोत्यावरच बसला. बराच वेळ तोंडावर हात घेऊन बसला. प्लंबर त्याच्या पायाशी बसला. मालकानं नोटांचं पाकीट पुढे केलं, ते त्यानं या वेळी घेतलं. रेडिओ सांगतात की त्यांनी स्वतः कान धरले, सगळ्यांसमोर. तेवढा भाग ते दर वेळी थोडा वाढवून सांगतात. वाढवू दे. ज्या तोंडानं ती बातमी नेली होती, तेच तोंड आता ही बातमी दारोदार नेतंय, मला तेवढं पुरे.

मग आरशात रस्त्यावर माणसं दिसली. सगळे परत येत होते. मध्ये गप्प्या, केसांत धान्याचा भुसा, आणि त्याच्या दंडाला धरून ताई. ती कुठून कळून धावत आली होती कोण जाणे.

रेडिओ येऊन माझ्यावर बसले. वाळलेल्या फेसानं गाल ताणला होता. मालकानं ब्रश उचलला, तशी रेडिओंनी त्याचा हात बाजूला केला आणि गप्प्याकडे बघितलं.

"ही बाजू तू कर."

गप्प्या आपल्या हातांकडे बघत राहिला. "पोती उचलून हात जड झालाय, काका."

"कापलं तर कापू दे. माझ्या जिभेनं जास्त कापलंय तुला."

गप्प्यानं हात धुतले. दोनदा धुतले. गाल भिजवला, नवा फेस केला. मालकानं वस्तरा त्याच्या हातात दिला आणि स्वतः बाकावर जाऊन बसला, गिऱ्हाइकांत. रेडिओंनी मान मागे टाकली, गळा वर केला आणि डोळे मिटले. ज्या माणसाला पाहून त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली होती, त्याच्या हातात त्यांचा गळा होता. दुकानात वस्तऱ्याचा खरखर आवाज तेवढा. एक ओरखडासुद्धा उठला नाही.

वस्तरा पुसून गप्प्या म्हणाला, "दाजी, मी परत नाही येणार. माझं दुकान टाकतो."

मालकाला ते लागलं. दिसलं मला. सात महिने परत देता येत नव्हते, ते त्यालाही कळत होतं. "टाक," तो म्हणाला. "जागा बघायला मी येऊ का?"

गप्प्यानं थोडा विचार केला. "या," म्हणाला.

ताई तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, ते आरशात नीट दिसलं नाही.

एवढंच माझं आयुष्य, मित्रांनो. आता माझं पोट साफ आहे, फाटलेलं कापड शिवलंय. बोल्ट आहेत तसेच आहेत, ते मरेपर्यंत राहतील. तुम्हाला कधी रस्त्यात, बाकाखाली, कुणाच्या खुर्चीत पैसे सापडले, तर ते परत द्या, हे तुम्हाला घरी सांगतच असतील, ते मी पुन्हा सांगत नाही. मी एवढंच सांगते, की हरवलेल्या पैशात कधीकधी एक माणूसही अडकलेला असतो. तो आधी शोधा. पैसे गुपचूप दिले तरी चालतात, पण माणसाचं नाव जिथं चारचौघांत गेलं असेल तिथंच, चारचौघांत, मोठ्यानं परत द्यावं लागतं. तेव्हा पाय जड होतील, जीभ टाळ्याला चिकटेल, उद्या सांगू म्हणून मन गोड बोलेल. त्याचं ऐकू नका. तुम्हाला बोल्ट नाहीत, पोरांनो. तुम्ही उठून जाऊ शकता.